अष्ठीला-वृद्धीचे निदान आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

उतारवयातील पुरुषांना होणारी अष्ठीला ग्रंथीची, म्हणजे प्रोस्टेटची, कर्करोगविरहित वृद्धी हा विकार नवा नाही. सुश्रुताने मूत्राघाताचे जे बारा प्रकार सांगितले, त्यांत ‘वाताष्ठीला’ आहे. नवे आहे ते एक प्रतिपादन : या विकाराचे निदान व उपचाराची निवड कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपविता येईल. त्याची मर्यादा तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम यंत्राचे श्रेय मान्य केले पाहिजे. ग्रंथीची सीमा आखून घनफळ काढण्याचे कंटाळवाणे काम ते झपाट्याने करते. २०१२ साली ‘प्रॉमिस-१२’ या स्पर्धेत शंभर रुग्णांच्या एमआरआय चित्रांवर अशा पद्धतींची कसोटी घेण्यात आली. ती चित्रे नॉर्वे, अमेरिका, इंग्लंड व नेदरलँड्स येथील होती. भारतीय रुग्ण त्यांत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि घनफळ आणि त्रास यांचा संबंध शिथिल आहे. लहान ग्रंथी पुष्कळ छळते, मोठी कित्येकदा निमूट राहते. म्हणून उपचाराचा निर्णय बव्हंशी १९९२ साली अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेने सिद्ध केलेल्या सात प्रश्नांवर अवलंबून असतो. त्यांच्या उत्तरांची बेरीज ० ते ३५ होते; ८ पासून मध्यम व २० पासून तीव्र त्रास मानतात. क्षयरोगात छातीच्या क्ष-किरण चित्रावर छाया दिसते, आणि तेथे यंत्रवाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. येथे मात्र त्रासाची तीव्रता चित्रात नसून रुग्णाच्या सांगण्यात आहे.

हे सांगणे परिस्थितीने घडते. दहिसरहून चर्चगेट सुमारे ३६ किलोमीटर आहे आणि उपनगरी गाडीत शौचालय नसते. हा प्रवास रोज करणारा वृद्ध सकाळी पाणीच कमी पितो. ‘दोन तासांच्या आत पुन्हा लघवीला जावे लागते काय?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर साहजिकच ‘क्वचित’ असे येते. चाळीतील सामाईक शौचालयापर्यंत रात्री जाणे टाळणाराही कमीच आकडा सांगतो. भाषेचा अडसर निराळाच. ‘उन्हाळी लागली’ ही मराठी रुग्णाची नेहमीची तक्रार; पण जळजळीविषयी या सातांत एकही प्रश्न नाही. त्यातून प्रश्नपत्रिका सुनेने वा मुलाने भरली, तर संकोचाने उरलेलेही दडपले जाते.

अशा बेरजेवरून यंत्राने ‘सौम्य’ असा शेरा दिला, तर उपचार लांबतो. मूत्र तुंबण्याचा व मूत्रपिंडांवर ताण येण्याचा धोका राहतो. उलट, मधुमेहामुळे रात्री वारंवार उठणाऱ्याचा दोष ग्रंथीच्या माथी मारला जाण्याचाही संभव आहे. दोन्ही चुका गणिताच्या नव्हेत, गणिताला पुरविलेल्या सामग्रीच्या आहेत. म्हणून गणित सुधारून त्या दूर होणार नाहीत.

यास्तव यंत्र त्याज्य ठरत नाही, परंतु त्याच्या आधी करावयाची कामे ठरतात. रुग्णाने तीन दिवस किती पाणी प्यायले व केव्हा किती लघवी झाली, याची नोंद ठेवावी. मूत्रप्रवाहाचा वेग व मूत्राशयात उरलेले मूत्र मोजावे. प्रश्नांचे मराठी रूप दहिसरसारख्या वस्तीतील वृद्धांना वाचून दाखवून, त्यांना त्याचा कोणता अर्थ लागतो ते पाहावे. शेवटी यंत्राचा निर्णय येथील रुग्णांच्या पुढील प्रकृतीशी ताडून घ्यावा. ही कामे होईपर्यंत यंत्राचा शेरा डॉक्टरांनी साहाय्यक पुरावा म्हणून वाचणे हेच सयुक्तिक होय.