अंधारातला चरितार्थ

डार्क फॅन्टसीत गेल्या तीसेक वर्षांत वास्तवाची एक फार सोपी कसोटी रूढ झाली आहे: कथेत जितकी क्रूरता अधिक, तितकी ती खरी. या समजुतीचे खापर अनेकदा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यावर फोडले जाते. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये (१९९६) त्यांनी नेड स्टार्कचा शिरच्छेद केला आणि नायक सुरक्षित असतो हा वाचकाचा विश्वास मोडला. पण नेड का मरतो? राणीच्या मुलांचा जीव वाचावा म्हणून तो तिचे गुपित आपल्याला कळल्याचे तिलाच आधी सांगतो. त्याचा मृत्यू त्याच्या दयेतून आणि त्याच्या पदाच्या जबाबदारीतून येतो. मागून आलेल्या कितीतरी लेखकांनी शिरच्छेद उचलला, त्यामागचे कारण तिथेच राहू दिले. मला वाटते, या प्रकारातले पात्र विश्वसनीय होते ते त्याच्या जमाखर्चातून. ते कशावर जगते, कोणाचे देणे लागते आणि ते देणे फेडताना काय गमावते, हे लेखकाला पक्के ठाऊक असले, तर राक्षस आणि शापसुद्धा खरे वाटू लागतात.

आंद्रेय सापकोव्स्की यांचा विचर गेराल्ट १९८६ साली एका पोलिश मासिकातल्या कथेतून पहिल्यांदा वाचकांसमोर आला, तो राक्षस मारून पोट भरणारा कारागीर म्हणूनच. राजकन्येला शापातून सोडवायचे तर बक्षीस किती, अटी कोणत्या, हे त्या कथेत आधी बोलले जाते. जादू तिथे धंद्याच्या व्यवहारातून आत येते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल शंका घ्यावीशी वाटत नाही. जो अॅबरक्रॉम्बी यांनी ‘द ब्लेड इटसेल्फ’मध्ये (२००६) हीच गोष्ट थेट शरीरापर्यंत नेली. सँड डॅन ग्लोक्टा हा एकेकाळचा देखणा तलवारबाज. शत्रूच्या कैदेत दोन वर्षे छळ सोसून तो लुळापांगळा होऊन परततो आणि स्वतःच इतरांचा छळ करून कबुलीजबाब मिळवण्याच्या नोकरीला लागतो. त्याच्या क्रौर्याची वर्णने अनेकांच्या लक्षात राहतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो जिना. प्रत्येक पायरी त्याला शत्रूसारखी वाटते, आणि दात उपटले गेल्यामुळे धड चावताही येत नाही. दुसऱ्याला वेदना देताना तो काय करतो आहे हे त्याला नेमके माहीत असते, आणि तरी तो थांबत नाही, कारण त्याला दुसरे कोणतेही काम उरलेले नाही. अॅबरक्रॉम्बी त्याला क्षमा करत नाहीत, दोषमुक्तही करत नाहीत. वाचकाला त्याच्या शेजारी बसवतात, आणि तिथून उठणे अवघड होते.

यावर एक आक्षेप जोरकस आहे. इतिहासच इतका भीषण असताना साहित्याने हात राखून का लिहावे? आर. एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ (२०१८) ही कादंबरी १९३७ च्या नानजिंग हत्याकांडाची सावली घेऊन लिहिली आहे, आणि तिथे हात राखून लिहिणे हाच खोटेपणा ठरला असता, हे मान्य. पण कादंबरीच्या शेवटी नायिका रिन एका अख्ख्या बेटावरची माणसे भस्म करते, तेव्हा ते पटते ते हत्याकांडाच्या प्रकरणामुळे नव्हे. लादलेले लग्न टाळण्यासाठी परीक्षेचा अभ्यास करणारी, झोप उडवायला हातावर तापलेले मेण ओतून घेणारी पोरकी मुलगी आपण आधीच पाहिलेली असते. स्वतःला जाळून पुढे जाण्याची किंमत तिने तेव्हाच कबूल केली होती. शेवटी ती किंमत इतरांकडून वसूल होते, एवढाच फरक. मधल्या नरसंहाराच्या वर्णनात मात्र पात्रे मागे पडतात आणि इतिहास एकटाच बोलतो. तिथे मला हादरा बसतो, पण रिनबद्दल नवे काही कळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की फॅन्टसी वाचणाऱ्याला भाकरीचा हिशोब नको असतो, त्यासाठी सामाजिक कादंबऱ्या आहेतच. केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’ या १९८९ पासून चाललेल्या चित्रमालिकेत राक्षसी वैभव इतके आहे, की हा आक्षेप खरा वाटावा. तरी तिच्यातला सर्वांत भयंकर प्रसंग, सेनानायक ग्रिफिथने आपल्याच साथीदारांचा दिलेला बळी, काळजाला भिडतो तो त्याआधीच्या भाडोत्री सैनिकांच्या दीर्घ कथानकामुळे. त्यांच्या मोहिमा, भांडणे, बढत्या आणि एकमेकांवरचा विश्वास आपण पाहिलेला नसता, तर तो बळी म्हणजे नुसते सुंदर रेखाटन झाले असते.

आपल्याकडे या दृष्टीने राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) नीट पाहायला हवा. चित्रपट हिंदी, पण माती कोकणातली, आणि त्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा. हस्तर हा पिशाच्च-देव प्रत्यक्ष समोर येण्याआधी आपल्याला दिसते ती एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर तुंबाडच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या मालकाची, ‘सरकार’ची, सेवा करणारी विधवा. तिचा मुलगा विनायक मोठा होऊन वाड्यात परततो आणि हस्तरशी व्यवहार सुरू करतो: कणकेची बाहुली टाकायची, तो ती खात असताना मूठभर नाणी ओरबाडायची, पुण्याला येऊन ती विकायची, संपली की पुन्हा निघायचे. ही नोकरीच आहे, आणि तो ती मुलालाही शिकवतो. विनायकचा लोभ राक्षसी नाही. गरिबीची भीती, पुरुषी मिजास आणि कसबाचा अभिमान यांतून तो वाढतो, म्हणून ओळखीचा वाटतो. १९४७ नंतर वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते तेव्हा त्याची धावपळ वतन सुटणाऱ्या माणसाची असते, आणि त्या घाईतूनच अनर्थ होतो. पटकथेची ही शिस्त मला थोर वाटते. चित्रपट कमी पडतो तो विनायकच्या घरातल्या बायकांच्या बाबतीत. तो पैसा त्यांच्या संसारात उतरतो, त्याचा वास त्यांना येतोच, पण त्यांनी त्याच्याशी कशी तडजोड केली हे ओझरते दिसते. पाश्चात्त्य डार्क फॅन्टसीतही हीच उणीव वारंवार आढळते: पुरुषाला धंदा, देणे आणि दुखणे मिळते, बाईच्या वाट्याला बहुतेकदा अत्याचाराचा एक प्रसंग येतो आणि त्यालाच वास्तव म्हटले जाते. रिनसारखी पात्रे अजून अपवाद आहेत. मराठीत या प्रकारची कादंबरी कोणी लिहायला घेतली, तर हस्तरच्या सोन्यावर घर चालवणाऱ्या बाईपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.