दोन नळ आणि गावकूस

शहरातल्या नद्या वाचवायच्या तर पावसाचे पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या हव्यात, याबद्दल दुमत नाही. पाऊस सरळ ओढ्यात जावा, मैला शुद्धीकरण केंद्रात जावा. मुंबईत कागदोपत्री ही विभागणी फार जुनी आहे. मग भर मार्च महिन्यात मिठी नदीत जे काळे पाणी वाहते, ते कोणत्या आकाशातून पडते? आमच्या पर्यावरणवादी मित्रांनी हा प्रश्न विचारायला हवा होता. त्यांनी विचारले, नदी घाण कोणी केली? आणि उत्तर तयारच होते: झोपडपट्टीने.

हे उत्तर तपासले पाहिजे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुठे पांढरपेशा मुंबईला आपल्या शहरात नदी असल्याचा साक्षात्कार झाला. तोवर तो नालाच होता. (काठावर कोण राहते त्यावरून आपल्याकडे पाण्याचे नाव ठरते!) विमानतळासाठी या नदीला वळवले, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या काठचे खाजण बुजवले, पण पूर ओसरल्यावर हातोडा पडला तो झोपड्यांवर. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली सुमारे 42 टक्के माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांतल्या कित्येक वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही. वस्ती बेकायदा म्हणून वाहिनी नाही, वाहिनी नाही म्हणून मैला नाल्यात, आणि नाल्यात मैला म्हणून वस्ती गुन्हेगार! पूर्वी गावकूस दगडामातीची होती. आता ती जमिनीखालून, नळाच्या टोकाशी उभी आहे. चवदार तळ्याचे पाणी 1927 साली आमच्या स्पर्शाने बाटले म्हणून गोमूत्राने शुद्ध करणाऱ्या या समाजाने माणसे वेगळी ठेवण्यात कधी कसूर केली नाही. दोन नळ वेगळे ठेवणे मात्र त्याला जमत नाही.

यावर योजिलेला सोपा उपाय म्हणजे नाल्याचे तोंड अडवून कोरड्या दिवसांतले पाणी मलवाहिनीत वळवणे. खाडी थोडी स्वच्छ होते, हे खरे. पण वरच्या अंगाला दाराशी वाहणारा नाला तसाच राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळे पुन्हा नदीत. म्हणजे रक्षण नदीच्या मुखाचे. काठावरच्या माणसाचे नव्हे.

याहून भयंकर गोष्ट गटारात उतरणाऱ्याची आहे. पर्जन्यवाहिनीत पावसाचेच पाणी असते अशी कागदाची समजूत. गाळ काढायला उतरणाऱ्याला तिथे चोरून जोडलेला मैला भेटतो. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो आधी वास घेण्याची शक्ती मारतो, मग माणूस. उलट, मलवाहिनीत पावसाचे पाणी आणि गाळ शिरला की ती तुंबते, आणि पुन्हा कोणीतरी उतरतो. तो कोणत्या जातीचा, हे सांगावे लागू नये. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली. मृत्यू थांबलेले नाहीत.

2014 चा ‘कोर्ट’ हा चित्रपट इथे आठवतो. गटार कामगार मरतो आणि खटला भरला जातो लोकशाहीरावर, त्याच्या गाण्याने कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केले म्हणून. आमच्या समीक्षेने स्थिर कॅमेऱ्याची वाहवा केली. गटाराचे झाकण उघडून ती आत डोकावली नाही. तो उतरला ते पाणी कोणाच्या घरचे, कोणत्या नळातून आलेले, हा प्रश्न तिला वाङ्मयीन वाटला नसावा.

विद्यार्थी मित्रांनी एक करावे. पाऊस संपून चार महिने झाल्यावर आपल्या वॉर्डातल्या नाल्याकाठी उभे राहावे. पाणी वाहत असेल तर ते सांडपाणी, बहुधा मैलापाणीच. मग नाल्याच्या काठाने उगमाकडे चालत जाऊन कोणकोणत्या टोलेजंग इमारतींचे, कारखान्यांचे, तबेल्यांचे नळ त्यात सुटतात आणि कोणत्या गल्लीला मलवाहिनीच नाही, याची यादी करून वॉर्ड कचेरीत द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.