‘काटक’ कुठल्या रकान्यात?

शरीराच्या बांध्याबद्दल विचारताना प्रश्नावलीत अनेकदा चारच पर्याय असतात : कृश, सामान्य, अतिवजन, स्थूल. बीएमआयच्या १८.५, २५ आणि ३० या सीमांचं हे नुसतं भाषांतर. भंडाऱ्यात धानाची रोवणी करणाऱ्या एखाद्या बाईला लोक ‘काटक’ म्हणतात. म्हणजे अंगानं बारीक, पण कामाला चिवट. तिनं खूण कुठं करायची? ‘गुटगुटीत’ हे बाळाचं कौतुक, तर ‘लठ्ठ’ हा मोठ्यांना टोमणा. आपले शब्द आकारासोबत ताकद, वय आणि मतही सांगतात. म्हणून वजन-उंची मोजाच, कारण ‘काटक’ या कौतुकामागे कुपोषणही लपतं. पण माणूस स्वतःला कसा पाहतो हे हवं असेल, तर आधी लोकांचे शब्द गोळा करा, मग रकाने आखा.