दशांशचिन्हानंतर कितवा आकडा?

कॉम्पोझिट प्लेटच्या कंपनांवर पीएचडी करत असाल, तर जे. एन. रेड्डी यांचा 1984 चा आठ पानी पेपर तुम्ही उघडला असेलच. नसेल, तर आधी तो वाचा. थरांच्या प्लेटसाठी एक 'सोपी' हायर-ऑर्डर थिअरी त्यात मांडलीय, आणि 'सोपी' हा शब्द तिथे खरा आहे.

अडचण काय होती? कार्बन तंतूंचा थर तंतूंच्या दिशेने भलताच ताठ, पण शिअरला मऊ. क्लासिकल थिअरी जाडीतलं हे शिअर धरतच नाही, म्हणून तिची प्लेट खऱ्याहून ताठ आणि वारंवारता खऱ्याहून जास्त निघते. मिंडलिनच्या वाटेने जाणारी फर्स्ट-ऑर्डर थिअरी शिअर धरते, पण थराच्या पूर्ण जाडीत एकसारखं. मग 5/6 सारखा गुणक वरून जोडावा लागतो. रेड्डींनी घनपदापर्यंत जाऊन वरच्या-खालच्या पृष्ठभागांवर शिअर ताण शून्य केला. गुणक गेला, आणि अज्ञातं मात्र पाचच राहिली. हे देखणं काम आहे.

1985 मध्ये रेड्डी आणि फान यांनी ती कंपनांना लावली. या क्षेत्रात एक उदाहरण पेपरामागून पेपरात भेटतं: 0/90/90/0 अशी चौरस प्लेट, चारही कडा सिम्पली सपोर्टेड, बाजू जाडीच्या 5 पट, दोन दिशांच्या ताठपणाचं गुणोत्तर 40. त्रिमितीय गणिताने मितिहीन वारंवारता सुमारे 10.75 येते. क्लासिकल थिअरी सांगते 18.89, म्हणजे पाऊणपट जास्त! फर्स्ट-ऑर्डर 10.85 च्या आसपास, रेड्डींची 10.79 च्या.

आता हे आकडे नीट बघा. मोठी उडी फर्स्ट-ऑर्डरनेच मारली होती. उरलेल्या एका टक्क्यासाठी तेव्हापासून साइन, एक्स्पोनेन्शियल, हायपरबोलिक अशा किती तरी थिअऱ्या आल्या. त्यातल्या बऱ्याच जणी याच प्लेटवर एकमेकींशी ताडून बघितल्या जातात, प्रयोगाशी नाही.

आणि खरी प्लेट? टी300/5208 या नेहमीच्या कार्बन-इपॉक्सीत हे ताठपणे 181 आणि 10.3 गिगापास्कल, म्हणजे गुणोत्तर 18 च्याही आत. पातळ प्लेटची जाडी 2 टक्के बदलली, तर वारंवारताही जवळपास तेवढीच बदलते. प्रयोगशाळेतला क्लॅम्प कधीच पूर्ण घट्ट नसतो. डॅम्पिंगचा तर या तक्त्यांत उल्लेखही नसतो.

म्हणजे हायर-ऑर्डर थिअऱ्या वाया गेल्या का? नाही. मऊ गाभ्याच्या सँडविच प्लेटमध्ये फर्स्ट-ऑर्डर खरोखर फसते. थर सुटण्याचा धोका बघायचा तर जाडीतले ताण लागतात, आणि तिथे रेड्डींची थिअरीही थेट पुरत नाही: तिच्या समीकरणांतून सरळ काढलेला शिअर ताण दोन थरांच्या सीमेवर तुटतो. काम करायला जागा आहे ती इथे.

तुमच्या हातात चार-पाच वर्षं आहेत. नवं फंक्शन शोधण्याआधी गाइडला एकच विचारा: हा फरक आपल्या अ‍ॅक्सिलरोमीटरला दिसेल का?