संकेतसारणी आणि मराठीतील अर्धा रकार

लिपीची संगणकीय संकेतसारणी ही केवळ यंत्रज्ञांच्या सोयीची बाब आहे, असा समज आपल्या अभ्यासकांत आढळतो. वस्तुतः कोणते चिन्ह मूळ मानावे, कोणते साधित मानावे आणि कोणता भेद अर्थभेदक समजावा, यांविषयीचे निर्णय अशा सारणीत अंतर्भूत असतात. म्हणजेच ती लिपीचे एक व्याकरणच होय. आणि व्याकरणाची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. प्रस्तुत लेखात देवनागरीच्या युनिकोड सारणीची अशी परीक्षा एका मर्यादित प्रश्नापुरती करावयाची आहे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेला आहे. या परंपरेचा मोठा गुण प्रथम सांगितला पाहिजे. टंकलेखनयंत्राने अक्षरांचे आकार साठविले. त्यावर ‘कि’ उमटविताना ऱ्हस्व इकाराची कळ आधी दाबावी लागे. इस्की आणि युनिकोड यांनी आकार बाजूस सारून उच्चारक्रम स्वीकारला. ‘कि’ मध्ये क आधी व इकार नंतर नोंदविला जातो. जोडाक्षरांना स्वतंत्र संकेत नसून व्यंजन, हलन्त चिन्ह व पुढील व्यंजन यांतून ती सिद्ध होतात. १२८ स्थानांच्या विभागात शेकडो जोडाक्षरे सामावली, ती या वर्णवादी दृष्टीमुळे.

हीच दृष्टी मराठीतील अर्ध्या रकारापाशी मात्र डळमळते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यास’ हे गुरूविषयी, तर ‘आचाऱ्यास’ हे स्वयंपाक्याविषयी. दोहोंत वर्ण तेच, क्रमही तोच. भेद आहे तो अक्षरविभागाचा. ‘दर्या’ मध्ये र पहिल्या अक्षराचा शेवट करतो व द गुरू होतो. ‘दऱ्या’ मध्ये र पुढील अक्षराचा आरंभ करतो व द लघूच राहतो. हा भेद मराठी लेखनात एकीकडे रफाराने व दुसरीकडे व्यंजनाच्या डावीकडील लहानशा वक्र रेषेने दाखविला जातो.

ही वक्र रेषा नोंदविण्याचे दोन मार्ग युनिकोडने मान्य केले आहेत. इस्कीच्या प्रथेनुसार नुक्तायुक्त ‘ऱ’ ला हलन्त चिन्ह जोडावे, हा पहिला. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लिहावे, हा दुसरा. पडद्यावर दोहोंचे रूप एकच दिसते. परंतु प्रमाणकाच्या समतुल्यतेच्या नियमांनुसार हे दोन क्रम समतुल्य नाहीत.

आमचा आक्षेप केवळ या द्वैतावर नाही. दोन्ही मार्गांत भाषेचे वर्णनच सदोष आहे. ‘ऱ’ हे चिन्ह सारणीत आले ते द्राविडी भाषांतील निराळ्या रकाराच्या लेखनासाठी; ते वापरताना मराठीत दोन रकार आहेत असे गृहीत धरावे लागते, आणि तसे ते नाहीत. दुसऱ्या मार्गात भेद अदृश्य चिन्हावर सोपविला जातो. असे चिन्ह मूलतः आकाराच्या निवडीसाठी असल्याने सर्वसाधारण क्रमवारीच्या नियमांत ते दुर्लक्षिले जाते. मग समुद्र आणि दऱ्या एकाच नोंदीखाली येतात. एक मार्ग भेद चुकीच्या ठिकाणी मानतो, तर दुसरा तो केवळ शोभेचा समजतो.

वाचकास शब्द बरोबर दिसतो, मग तक्रार कशाची, असे कोणी म्हणेल. छापील पानापुरते हे म्हणणे मान्य करता येईल. परंतु शब्दकोश, शब्दसूची व वारंवारतेची गणना ही कामे आता संकेतांवर चालतात. ज्या संग्रहात दोन्ही प्रकारचे लेखन मिसळले आहे, तेथे ‘वाऱ्यावर’ हा एक शब्द दोन शब्दांसारखा मोजला जाईल. ‘ईकारान्त नामांच्या सामान्यरूपात रकाराचे काय होते’ यासारख्या प्रश्नाचे उत्तरही मग भाषेवर नव्हे, तर मजकूर लिहिणाऱ्याच्या कळफलकावर अवलंबून राहील.

सारणी अपरिवर्तनीय आहे, असेही नाही. मराठी लेखनातील ‘ॲ’ ला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्र संकेत मिळाला. मात्र एकदा दिलेले संकेत मागे घेतले जात नाहीत. त्यामुळे अर्ध्या रकाराचे द्वैत मुळातून नाहीसे होण्याची आशा बाळगण्यात अर्थ नाही. उपाय अभ्यासकांनीच योजावयास हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘ऱ’ चा मार्ग, वर्णनदृष्ट्या सदोष असूनही, अधिक स्वीकारार्ह आहे. कारण त्यात निदान माहिती हरवत नाही. मजकुरांचा संग्रह करणाऱ्याने गणनेपूर्वी सर्व अर्धे रकार या एका रूपात आणावेत आणि तसे केल्याचे प्रबंधात स्पष्ट नमूद करावे. हस्तलिखितांचा पाठ निश्चित केल्याविना आपण त्यावरून निष्कर्ष काढीत नाही; संगणकातील पाठालाही तोच नियम लावला पाहिजे.