गाण्याची उधारी न घेणारी गिटार

द्राक्षांचा हंगाम उतरला की पिंपळगाव बसवंतात लग्नसराईला जोर चढतो आणि वरातीपुढे बेंजो वाजू लागतो. गायक नसला तरी कुणाचं अडत नाही. चाल ओळखीची असते, शब्द नाचणारेच भरतात. प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ फार वरच्या दर्जाचं, पण त्याचाही आधार श्रोत्याच्या कानात आधीच मुरलेलं गाणं हाच. शास्त्रीय मैफल सोडली तर आपल्याकडचं लोकप्रिय वादन बहुतेक असं उधारीवर चालतं. मूळ गाणंच नसेल तर वाद्याने काय सांगायचं?

मुंबईचा गिटारवादक वॉरन मेंडोन्सा याने हा प्रश्न अंगावर घेतला. शंकर-एहसान-लॉय या संगीतकार त्रिकुटातल्या लॉय यांचा हा पुतण्या, ‘झिरो’ या रॉक बँडमधून पुढे आलेला. ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने 2007 ते 2017 या काळात त्याने चार स्टुडिओ अल्बम काढले. त्यांची प्रतवारी लावताना माझी कसोटी एकच: शब्दांचा टेकू नसताना चाल मनात राहते का?

चौथा क्रमांक पहिल्याच अल्बमला, ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’ला (2007). स्वर देखणा आहे, पण वादक त्याच्याच प्रेमात पडल्यासारखा वाटतो. ‘पिंक फ्लॉइड’च्या डेव्हिड गिल्मरची सावलीही दाट आहे. तिसरा ‘द युनिव्हर्स हॅज अ स्ट्रेंज सेन्स ऑफ ह्यूमर’ (2014). पैस मोठा, कारागिरी पक्की. मात्र काही ठिकाणी रचना चालीपेक्षा वजनदार होते. अनेक चाहते त्याला वर ठेवतील, खुशाल ठेवोत. दुसरा ‘द न्यू अल्बम’ (2009): नावात आळस, वाजवण्यात अजिबात नाही.

पहिला निःसंशय ‘द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन’ (2017). इथे जय रो कवीचे ड्रम, आदि मिस्त्रीचा बास आणि बेवन फोन्सेकाची कीबोर्ड्‌स गिटारला नुसता ठेका पुरवत नाहीत, तिला वाट पाहायला लावतात. ‘नॉर्थ स्टार’ ऐका. मेंडोन्सा तार दाबून वर ओढतो, सूर गाठतो आणि तिथे थांबतो. सतारीच्या मिंडेवर वाढलेल्या कानाला हे परकं वाटत नाही. फरक इतकाच की सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच सुरांची मिंड निघते, गिटारवर साधारण एक-दीड सुरात काम भागवावं लागतं. त्या तोकड्या जागेत गायकी आणणं हीच खरी कसोटी. वेगवान बोटांचे गिटारवादक आपल्याकडे आता पुष्कळ झाले, थांबणारे थोडे.

इंग्लिश गिटारवादक जेफ बेकने 1975 साली ‘ब्लो बाय ब्लो’मध्ये गायकाला जवळजवळ रजाच दिली, तेव्हा निर्माता म्हणून बीटल्सचा जॉर्ज मार्टिन पाठीशी होता. मेंडोन्साला असं पाठबळ नव्हतं, आणि हिंदी सिनेमाच्या या मुलखात बिनशब्दांच्या रॉकला तयार बाजारही नव्हता. तरी दहा वर्षांत त्याचं वादन कमी बोलायला आणि जास्त सांगायला शिकलं.

नव्या श्रोत्याने 2017 च्या अल्बमपासून सुरुवात करावी आणि उलट क्रमाने मागे जावं. 2007 चा सर्वांत शेवटी ऐकला तरी चालेल.