सांध्यांचा हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालगत, काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. मुलं त्याच्याकडे पाहतात न पाहतात तोच पेंग्विनकडे धावतात. मी मात्र दर खेपेला तिथे रेंगाळतो, ते त्याचे सांधे पाहायला.

हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं ढासळलं. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याची खटपट झाली, तेव्हा यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी चिकाटीने ते जुळवायला घेतले.

शिल्पाचं रसग्रहण करताना आपण डौल पाहतो, रेषा पाहतो. इथे डौल आहेच. खांबांसारखे पाय, त्यांवर तोललेलं प्रचंड धड. पण मला भिडते ती जोडकामातली सचोटी. मोड लपवलेली नाही. आजच्या जतनशास्त्रातही हेच पथ्य पाळतात : नवी भर ओळखू आली पाहिजे आणि मूळ वस्तूला इजा न होता काढताही आली पाहिजे. दुरुस्त करणाऱ्याने कलाकाराच्या पुढे जायचं नाही.

जतनासाठी पैसा देणाऱ्या दात्याकडूनही हीच अपेक्षा असते. संग्रहालयातली एखादी वस्तू ‘दत्तक’ घ्या, असं आवाहन केलं जातं. मला त्यापेक्षा राज्य संरक्षित स्मारकांच्या योजनेतला ‘संगोपन’ हा शब्द जवळचा वाटतो. दत्तक म्हटलं की नाव, कूळ, वारसा हे सगळं आलं. संगोपनात फक्त न्हाऊमाखू घालणं, जपणं आणि रात्री उठून पांघरूण नीट करणं. दात्याचा पैसा खरा लागतो तो अशाच ठिकाणी : हवेतला दमटपणा मोजायला, कसर लागलेला कागद वाचवायला, धातूवरचा गंज थोपवायला. त्यावर पाटी कशी लावणार?

हे संग्रहालय उभं राहिलं तेच वर्गणीतून. ती गोळा करायला डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट पुढे झाले होते. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, १८७२ मध्ये दारं उघडली. शतकभराने वास्तूला उतरती कळा लागली, तेव्हा २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आले. २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. बिडाचे ते नक्षीदार खांब आणि उजळलेलं छत पाहताना कुठली रेघ जुनी, कुठली नवी, हे मी शोधू लागतो.

मग पुन्हा हत्तीपाशी येतो. त्याच्या पाठीवर एक लहान प्राणी कोरलेला होता, असं जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. आज तो तिथे नाही. जुळवणाऱ्यांनी त्याच्या जागी दुसरा घडवून बसवला नाही.